नळीवरील नाव
बंदुका घडविण्याच्या जुन्या धंद्याविषयी काही विचार

यंदाच्या स्मरणिकेसाठी लोहारकामाच्या एखाद्या मागे पडलेल्या शाखेविषयी लिहावे, अशी आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धाव, विळा-कोयता यांची माहिती घरोघर आहे. परंतु बंदुकीच्या नळीसही एके काळी आपल्या लोकांचे हात लागले होते, हे आजच्या तरुण पिढीस फारसे विदित नाही. खंडेनवमीस आमच्या घरी ऐरण, घण, सांडशी आणि भाता यांच्या शेजारी एक सडपातळ लोखंडी गज पूजेस मांडला जातो. त्यावर कानशीने पाडलेल्या दोन खुणा आहेत. हा गज कशाचा, असे घरातील मुले दरवर्षी विचारतात. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचेच थोडे विस्ताराने दिलेले उत्तर आहे.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहिताना जे जे भव्य ते ते आपलेच होते, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळणार आहोत. बंदूक ही कोणा एका जातीची निर्मिती नव्हे. नळी लोहाराची, दस्ता सुताराचा, पितळी साज तांबटाचा, दारूची पिशवी चर्मकाराची. आणि सोरा, गंधक व कोळसा यांची दारू करणारे कारागीर निराळेच. यांपैकी आपल्या वाट्यास जो लोखंडाचा भाग आला, त्याचेच वृत्त येथे सांगावयाचे आहे.

नळी कशी होत असे

बंदुकीचा प्राण नळीत असतो. आज पोलादाच्या भरीव दांड्यास यंत्राने भोक पाडून नळी होते. पूर्वी ती ऐरणीवर जन्मास येई. लोखंडाची लांब पट्टी तापवून ती एका गजाभोवती वळवावयाची आणि कडा एकमेकींवर आणून घणाने सांधावयाची, ही साधी रीत होय. हिच्यात सांधा नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातो, आणि तेथेच तिचे मर्म असते. दारू पेटली म्हणजे वायूचा सर्वांत मोठा ताण नळी आडवी फाकविण्याकडे असतो. सरळ सांध्यास हा सगळा ताण एकट्याने सोसावा लागतो. तो जरा कच्चा राहिला तर नळी शेंगेसारखी उकलते.

यावर जाणत्या कारागिरांनी उपाय काढला तो वेटोळ्याचा. पट्टी गजाभोवती तिरपी, दोर गुंडाळावा तशी गुंडाळावयाची आणि प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याशी तापवून एकजीव करावयाचा. आता सांधा नळीभोवती फिरत जातो आणि फाकविणारा ताण त्याच्यावर सरळ येत नाही. पिंपास कड्या घालतात त्यातील तत्त्व हेच. त्यानंतर आतील भोक कोरून गुळगुळीत करणे, नळी सरळ आहे की नाही हे ताणलेल्या दोऱ्याने व उजेडाने पाहणे, मागील तोंड पक्के बंद करणे आणि बाजूस कान पाडणे, अशी कामे क्रमाने होत. या कानापाशी ठेवलेल्या बारीक दारूस रंजक म्हणत. पेटता तोडा रंजकेस लागला की आग कानातून आत जाई.

अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या बंदूकखान्याचे जे वर्णन दिले आहे, त्यात पट्टी पिळून नळी करण्याची ही सुधारणा आलेली आहे. एका बैलाने फिरविलेल्या चक्राने सोळा नळ्या एकदम घासून साफ करण्याच्या यंत्राचाही उल्लेख तेथे आहे. परंतु आम्हांस त्या वर्णनातील दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या वाटतात. पहिली ही की, तयार नळीचा तिसरा हिस्सा दारूने भरून ती उडवून पाहत आणि ती टिकली तरच पुढे पाठवीत. दुसरी ही की, लोखंड कोठले, त्याचे वजन किती, काम कोठे झाले, केव्हा झाले आणि कोणी केले, हे नळीवर कोरीत असत. म्हणजे कारागिराचे नाव नळीवर असे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

राज्ये आणि कारखाने

दक्षिणेत ओतकाम फार पूर्वीच थोर पदवीस पोहोचले होते. विजापूरची ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगर येथे रूमी नावाने प्रसिद्ध असलेल्या तुर्की ओतकाराने ओतली. सुमारे ५५ टन वजनाची ही मिश्रधातूची तोफ; तिचे तोंड सिंहाच्या जबड्यासारखे असून त्या जबड्यात हत्ती आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावरून विजापुरास गेली. ओतकाराचे नाव आपणांस ठाऊक आहे. मूस बांधणारे, भट्ट्या फुंकणारे आणि तो धातू वाहणारे शेकडो हात मात्र निनावी राहिले.

शिवकालात तोफांसाठी परकीयांवर बरेच अवलंबून राहावे लागे, आणि ते परकीय आपला स्वार्थ पाहूनच माल देत. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या इंग्रज वखारीतील टोपीकरांनी सिद्दीच्या बाजूने गडावर गोळे टाकले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. दारूगोळा घरचा असावा आणि तो जपून ठेवावा, हा धडा स्वराज्याने घेतला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखान्याविषयी जी आज्ञा आहे ती आजही कारखानदाराने वाचावी अशी आहे. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. दारू जमिनीस न टेकवता माचावर ठेवावी. तीस ओल लागू देऊ नये. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढावी, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणास आत जाऊ देऊ नये. अठराव्या शतकाच्या आरंभीचे हे लेखन आहे. कोकणातील पावसाळा ज्याने पाहिला आहे त्यास यातील प्रत्येक शब्दाचे मोल कळेल.

पेशवाईत तोफखाना पानसे घराण्याकडे होता. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत पुण्यास आणि जुन्नर प्रांतात ओतूरजवळ आंबेगव्हाण येथे तोफेचे गोळे करण्याचे कारखाने चालत. पुढे महादजी शिंद्यांनी डी बॉईनच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या. तेव्हा आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट गृहस्थाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि विलायती नमुन्याच्या बंदुका दहा रुपयांस एक या खर्चात तयार होत. देखरेख परकी असली तरी घण मारणारे हात इकडचेच होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईच्या रणांगणावर याच पठडीतील तोफांनी वेलस्लीच्या सैन्याची दाणादाण उडविली. लढाई आपण हरलो आणि नव्वदांहून अधिक तोफा गमावल्या. परंतु त्या तोफा हलक्या प्रतीच्या होत्या, असे जिंकणाऱ्यांनीही म्हटले नाही.

या सर्व काळाचा ठसा आपल्या भाषेवर उमटला आहे. फुसका बार, ठासून भरणे, बत्ती देणे, चाप लावणे हे शब्द आपण रोज वापरतो. धंदा गेला, परंतु त्याची बोली घरात राहिली.

आपण कोठे कमी पडलो

आता अप्रिय भागाकडे वळू. हात कुशल होते, लोखंड उत्तम होते. मग धंदा टिकला का नाही? परकी राज्य आले म्हणून, हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच आहे.

आपल्याकडील तोफाबंदुका एका मापाच्या नसत. प्रत्येक कारागिराचा गज निराळा, म्हणून प्रत्येक नळीचे भोक निराळे. परिणामी गोळाही त्या त्या तोफेच्या मापाने घडवावा लागे. एका तोफेचे गोळे संपले म्हणजे शेजारच्या तोफेचे तीस उपयोगी पडतच असे नाही. गोळा सैल बसला तर वायू बाजूने निसटतो आणि मारा दुबळा होतो. घट्ट बसला तर नळी फुटते. माप बापाने मुलास सांगावे, मुलाने मनात ठेवावे, आणि तो मुलगा पटकीच्या साथीत गेला म्हणजे मापही त्याच्याबरोबर जावे, असे कित्येक घरी झाले असेल. आमच्या घरी झाले. आमच्या पणजोबांची वेटोळ्याची नळी सांधण्याची हातोटी आजोबांपर्यंत पोहोचली नाही. कारण ती कोठेही लिहिलेली नव्हती.

विलायतेतील बंदूक करणाऱ्यांनी या बाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघास १६३७ साली राजाची सनद मिळाली. या संघाने आपल्याच धंद्यातील लोकांच्या नळ्या अधिक दारू भरून उडवून पाहण्याची आणि टिकलेल्या नळीवर शिक्का मारण्याची व्यवस्था केली. बर्मिंगहॅमच्या धंदेवाल्यांनी तर स्वतः मागणी करून आणि स्वतःचा पैसा घालून १८१३ साली कायद्याने परीक्षागृह स्थापन करविले. यातील मर्म असे की, माल करणारा एक आणि पारखणारा दुसरा. संघाचा सभासद कितीही प्रतिष्ठित असो, त्याची नळी फुटली तर तीस शिक्का नाही. पुढे बर्मिंगहॅमच्या बंदुका जगभर गेल्या, त्यांत स्वस्त यंत्रकामाचा व साम्राज्याचा वाटा होताच. परंतु परक्या माणसाने अनोळखी कारागिराच्या नळीवर विश्वास ठेवावा, यास तो लहानसा शिक्काही कारण झाला.

आपल्याकडे जातीची पंचायत होती. ती कोणी कोणाकडे जेवावे याचा निर्णय करी, लग्नाचे तंटे तोडी. परंतु नळी चांगली की वाईट याचा निर्णय तिने केल्याचे आम्ही आमच्या वाडवडिलांकडून ऐकलेले नाही.

परवान्याचा काळ

१८५७ नंतर देश निःशस्त्र करण्याचे धोरण सुरू झाले, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगणे, घडविणे व विकणे या सर्वांस परवाना लागू लागला. नवीन नळी घडविण्याचे काम लोहाराच्या ऐरणीवरून उठले. तत्पूर्वीच, १८६९ साली, पुण्याजवळ खडकीस सरकारी दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली अंबरनाथचा आणि पुढे १९६४ साली वरणगावचा कारखाना निघाला. २०२१ साली या सरकारी कारखान्यांची नव्या कंपन्यांत वाटणी झाली आणि खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे गेली. आपल्या समाजातील ज्यांनी अशा कारखान्यांत नोकरी केली, त्यांस तेथे पहिल्या दिवशी शिकावे लागले ते मोजमापच.

खेड्यापाड्यांत उरले ते दुरुस्तीचे काम. कोकणात डुक्कर आणि वानर यांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांस ठासणीच्या बंदुकांचे परवाने मिळत. आजही अशा बंदुका तेथे आहेत, आणि निवडणुकीच्या दिवसांत त्या पोलीस ठाण्यांत जमा होताना दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शोक संपला, तेव्हा काडतुसी बंदुकांचे काम आटले. आमचे दुकान त्यानंतर काही वर्षे रडतखडत चालले आणि मग आम्ही परवाना सरकारजमा केला.

दुकानातील अनुभव

तीर्थरूपांच्या हाताखाली आम्ही जे शिकलो, त्यातील काही गोष्टी केवळ नोंद राहावी म्हणून येथे देतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदूक दुरुस्त करण्यासही परवाना लागतो; तेव्हा हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये.

बंदूक हाती आली की ती भरलेली आहे असेच मानावयाचे. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षे भरलेली राहू शकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. यासाठी तो गज. तो नळीत तळापर्यंत सोडावयाचा, नळीच्या तोंडाशी बोट धरावयाचे, मग गज बाहेर काढून नळीच्या अंगास लावून पाहावयाचा. तो कानापर्यंत पोहोचला तर नळी रिकामी. अलीकडे राहिला तर आत बार आहे. गजावरील एक खूण रिकाम्या नळीची व दुसरी योग्य बाराची, अशी तीर्थरूपांनी आमच्या घरच्या बंदुकीसाठी पाडून ठेवली होती. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर ती गोळीच बुचासारखी होऊन नळी फाडते. ते त्या दुसऱ्या खुणेवरून कळे.

पावसाळाभर भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. ओंजळभरही नसलेली ही माती नळी फुगविण्यास पुरेशी होते. काळी दारू उडविल्यावर नळीत जी राख राहते ती हवेतील ओल ओढून घेते. म्हणून नळी त्याच दिवशी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल द्यावयाचे. तेल आधी दिले आणि राख खाली राहिली, तर गंज तेलाखाली वाढतो.

पितळी काडतुसे पुन्हा भरून वापरण्याची त्या काळी चाल होती. काडतुसास पितळ घेतात याचे कारण असे की, ते बार उडताच फुगून नळीस घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसून सुटे होते. परंतु ही लवचीकता अक्षय नसते. पुनःपुन्हा ताण पडून पितळ ठिसूळ होते. जुन्या टोप्यांतील पाऱ्याने ते अधिकच ठिसूळ होई. म्हणून तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी तीर्थरूप ते काडतूस ऐरणीवर ठेवून चपटे करीत, की कोणी कचऱ्यातून उचलून पुन्हा भरू नये. मेजावर एका वेळी एकच दारू, काळी व बिनधुराची कधीही शेजारी नाही. प्रत्येक माप तराजूने, डोळ्याने नाही. आणि काम चालू असता बोलणे नाही. कोणी हाक मारली तर हातातील काडतूस रिकामे करून पुन्हा पहिल्यापासून आरंभ. विलायती वेटोळ्याची जुनी नळी काळ्या दारूसाठी केलेली असते. तीत बिनधुराची दारू घालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलास मोटारीचे ओझे ओढावयास लावणे, असे ते म्हणत.

हे सगळे नियम त्यांस कोठून आले ते सांगितले पाहिजे. १९६३ सालची गोष्ट. शेजारच्या गावचे एक शेतकरी घोड्याची कमान मोडली म्हणून बंदूक घेऊन आले. तीर्थरूपांनी नवी कमान घडविली, तीस पाणी दिले, घोडा चढवून-सोडून दाखविला आणि बंदूक परत केली. नळीविषयी गिऱ्हाइकाने विचारले नव्हते, आणि तीर्थरूपांनीही पाहिली नाही. कानाजवळ ती आतून गंजून पातळ झाली होती. भातकापणीच्या दिवसांत पहिल्याच बारास ती तेथे उकलली आणि त्या गृहस्थांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली, तीत तीर्थरूपांवर ठपका आला नाही. ज्ञातीतील वडीलधारी मंडळी घरी येऊन बसली. नळी तुमची नव्हे, काम तुम्ही कमानीचे घेतले होते, ते चोख झाले, असे त्यांनी समजाविले. तीर्थरूप बराच वेळ खाली पाहत होते. मग एवढेच म्हणाले, “नळी माझी नव्हे, पण ती माझ्या हातातून गेली.” त्यानंतर कमानीसाठी येवो की दस्त्यासाठी, प्रत्येक बंदूक ते संपूर्ण पाहत, नळी दोरीने दूर बांधून, अधिक दारू भरून उडवीत, आणि वहीत तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, दोष आणि खाली स्वतःची सही करीत. ज्या नळ्या त्यांनी नाकारल्या त्यांचे मालक रागावून दुसरीकडे गेले. आमचे उत्पन्न घटले. त्या शेतकऱ्यांच्या घरी मात्र ते दर दिवाळीस जात राहिले, आणि विळे-कोयत्यांस धार लावून देण्याचे मोल त्यांनी त्या घराकडून पुन्हा कधी घेतले नाही.

समारोप

अकबराच्या नळीवर कारागिराचे नाव होते. लंडनच्या नळीवर संघाचा शिक्का होता. तीर्थरूपांच्या वहीत सही होती. तिन्हींचा अर्थ एकच: या कामास मी उत्तरदायी आहे. आपल्या लोकांस कौशल्य पुष्कळ होते. परंतु ते मापात बांधणे, लिहून ठेवणे आणि आपल्याच माणसाच्या कामाची निर्भयपणे पारख करणे, या तीन गोष्टींत आपण मागे राहिलो.

आज आपल्या समाजातील तरुण लेथवर काम करतात, वेल्डिंगची दुकाने चालवितात, कोणी इंजिनियर झाले आहेत. बंदुकांचा धंदा परत यावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. परंतु आपल्या मंडळाने दरवर्षी गुणगौरवाचे नारळ व शाली देण्याबरोबरच दोन कामे हाती घ्यावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. वृद्ध कारागिरांकडून त्यांच्या कामाच्या रीती मापांसह लिहून घ्याव्यात. आणि आपल्या सभासदांच्या कारखान्यांतील कामाची परस्परांकडून पारख करून घेण्याची काही व्यवस्था करावी, मग ते काम ट्रॅक्टरच्या आकड्याचे असो की शाळेच्या जिन्याच्या कठड्याचे. तुटलेल्या कठड्यानेही बोटे जातात.

तीर्थरूपांची ती वही आम्ही मंडळाच्या कचेरीत ठेवण्यासाठी देत आहोत. गज मात्र घरीच राहील. येत्या खंडेनवमीस मुलांनी पुन्हा विचारले, तर आम्ही त्यांच्या हाती तो देऊन त्या दोन खुणा त्यांच्याकडूनच मोजून घेणार आहोत.